कुलूप काढलेला फोन आणि आत्याची हयाती

आमच्या घरात माणसं तीन आणि फोनही तीनच. बाबांचा बटणांचा, त्यावर ते फक्त ‘हां, बोला’ एवढंच म्हणतात. दुसरा माझा आणि तिसरा आत्याचा. या शेवटच्या दोन्हींची कुलपं मी काढून ठेवली होती. फोन सुरू होताना आत दारावर एक रखवालदार असतो, बूटलोडर नावाचा. कंपनीने दिलेली प्रणाली तेवढी तो आत सोडतो, बाकी सगळ्यांना दारातूनच परत पाठवतो. त्याचं कुलूप काढलं की फोनमध्ये मनाला येईल ती प्रणाली घालता येते. मग रूट नावाचा अधिकार मिळवायचा, म्हणजे जिथे हात लावू नका असं कंपनीने बजावलेलं असतं तिथेच नेमका हात लावता येतो. ही विद्या मी विद्यापीठातल्या एका कचेरीत फायली पुढे सरकवायची नोकरी करता करता शिकलो. फायली फारशा पुढे सरकल्या नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मुलींच्या सरकारी शाळेत तिने आयुष्यभर गणित शिकवलं. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर ‘फुरसत नाही मिळाली’ असं सांगते. काशीत रामघाटाच्या वरच्या गल्लीतल्या आमच्या घरात तळमजल्यावर बाबा विद्यार्थ्यांना वेद शिकवतात, मधल्या मजल्यावर मी फोन बिघडवतो आणि सगळ्यात वर, गच्चीला लागून, आत्या राहते. दोन वर्षांपूर्वी ती जिन्यात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळाचं स्ट्रेचर आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर वळेना, म्हणून घाटावर नावा चालवणाऱ्या ओळखीच्या चार मल्लाहांनी तिला खाटेवर घालून खांद्यावरून नेलं.

आता आमच्या भागात चौघांच्या खांद्यावरून जे जातं ते मणिकर्णिकेच्या स्मशानघाटालाच जातं. लोकांना सवय झालेली. खांद्यावरचं काही दिसलं की भिंतीला चिकटायचं, हात जोडायचे, पुढे आपल्या कामाला लागायचं. त्या दिवशीही लोकांनी तेच केलं. कुठल्याशा यात्रेकरूने तर डोळे मिटून हात जोडले. आत्याने तसल्या वेदनेतही खाटेवरून मान उचलली आणि त्याला म्हणाली, “अभी टाइम है, भैया.” त्या माणसाची काय अवस्था झाली ते पाहायला आम्ही थांबलो नाही.

घरी परत आल्यावर तिने जाहीर केलं, “आता या गल्लीतनं मला उचललंत तर एकदाच. त्याच्या आधी कोणी हात नाही लावायचा.” तेव्हापासून या नोव्हेंबरपर्यंत ती खाली उतरली नाही. गच्चीपर्यंत चालते, तिथे खुर्ची टाकून बसते, माकडांना दम देते. तिचं जग तेवढंच, आणि बाकीचं जग फोनमध्ये.

पेन्शन घेणाऱ्या माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवून द्यावं लागतं. काशीत मेल्याचा दाखला मिळवणं तसं सोपं, सगळं गावच त्या कामाला मदत करायला उभं असतं. जिवंत असल्याचा दाखला मिळवताना मात्र दमछाक होते. पण सरकारने त्यावरही उपाय काढला. फोनवर एक ॲप उघडायचं, चेहरा समोर धरायचा, डोळे मिचकावायचे, की झाली हयाती सिद्ध. गेल्या वर्षी आत्याने केस विंचरून, इस्त्रीचं पातळ नेसून, गच्चीच्या उन्हात बसून स्वतःच्या फोनवर स्वतःच हे केलं. नंतर तीन मैत्रिणींना फोन लावून सांगितलं, “घ्या, मी जिंदा आहे.” तिघींपैकी दोघींनी फोन उचलला.

तो फोन मूळचा माझा. दोन वर्षं उलटली आणि कंपनीने त्याला अपडेट द्यायचं बंद केलं. चांगला धडधाकट फोन, पण कंपनीच्या लेखी तो वानप्रस्थाला निघालेला. मला हे सहन झालं नाही. कुलूप काढायचा अर्ज केला, तर कंपनीने सात दिवस थांबायला लावलं. सुतकापेक्षा तीन दिवस कमी, एवढीच काय ती सवलत. सात दिवसांनी कुलूप निघालं, मी दुनियाभरच्या हौशी मंडळींनी बनवलेली नवी प्रणाली आत घातली आणि फोन आत्याला देताना वर भाषण ठोकलं. कंपनीने सोडलं तरी मी आहे, याला अपडेट कसे येत नाहीत ते बघतोच.

तेव्हापासून फोन सुरू झाला की आधी एक काळा पडदा यायचा. या उपकरणाचं कुलूप उघडं आहे, याच्यावर विश्वास ठेवता येत नाही, अशा अर्थाचं इंग्रजी त्यावर लिहिलेलं असायचं. आत्याने पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा विचारलं, “हे फोनबद्दल आहे की तुझ्याबद्दल?”

भानगड कुठे आहे हे तिला समजावून सांगायला मला फार वेळ लागला नाही, कारण आमच्या घरात सोवळं आहे. बाबा आंघोळ करून सोवळ्यात बसले की त्यांना कुणी शिवायचं नाही. चुकून शिवलं तर पुन्हा आंघोळ. फोनच्या मूळ प्रणालीचंही तसंच. एकदा शिवलात की कंपनीचं अपडेट नाक मुरडून परत जातं, आणि बँकेची नि सरकारची ॲपं तर दारातच उभी राहून विचारतात, कुणी शिवलं का? यावर उपाय एकच, खोटं बोलणं. कुणीही शिवलेलं नाही, असं त्या ॲपना शपथेवर सांगणारी हत्यारं मिळतात. गेल्या वर्षी मी ती वापरली होती, आणि सरकारने विश्वास ठेवला.

“म्हणजे धोतर बदललं नाहीस, फक्त सांगितलंस की बदललं,” आत्या म्हणाली. गणिताच्या बाईला यापेक्षा जास्त समजवावं लागत नाही.

या वर्षी नोव्हेंबर उजाडला आणि मला अपडेटची हुक्की आली. दाखला भरून होईपर्यंत थांबायचं होतं, पण नवीन अपडेट आलंय आणि मी ते घातलं नाही असं आजवर कधी झालेलं नाही. अशा फोनला अपडेट घालायचं तर एक क्रम असतो. नवी प्रणाली फोनमधल्या दुसऱ्या रिकाम्या खोलीत उतरू द्यायची, फोन बंद-चालू करायच्या आधी आपली रूटची कारागिरी त्या खोलीतही करून ठेवायची, आणि मगच फोन पुन्हा सुरू करायचा. मी ते सगळं यथासांग केलं. फोन झकास सुरू झाला. आत्याने केस विंचरले, पातळ नेसली, गच्चीत बसली, ॲप उघडलं. ॲप म्हणालं, हे उपकरण सुरक्षित नाही. हे अपडेट मी सुरक्षेसाठी घातलं होतं.

पुढचे तीन आठवडे मी काय काय केलं त्याची यादी देत नाही, माझी मलाच लाज वाटते. लपवायची नवी हत्यारं आणली. ती लपवायला आणखी हत्यारं आणली. कचेरीतून दुपारीच पळ काढून घरी येत होतो. रोज एकदा आत्या केस विंचरून बसायची, रोज ॲप तेच म्हणायचं, आणि रोज मी म्हणायचो, “उद्या पक्कं.” घरी येऊन दाखला करून देणाऱ्या एका माणसालाही बोलावून पाहिलं. तो पंचगंगा घाटापर्यंत आला, तिथून गल्ल्यांमध्ये शिरला, तीनदा घाटावरच्या मशिदीच्याच मागे निघाला आणि चौथ्यांदा फोनवर मला चार शब्द सुनावून परत गेला.

एका सकाळी दूधवाला वर आला. त्याच्याकडे सगळ्यात स्वस्तातला फोन, काच तडकलेली, विकत घेतल्यापासून एकही अपडेट न पाहिलेला. मी त्याच्याकडे बघून मनातल्या मनात कपाळाला हात लावत होतो, तेवढ्यात आत्या म्हणाली, “ऐक, याच्या फोनवर नाही का होणार?”

“नाही,” मी म्हणालो. “ज्याचा त्याचा फोन लागतो.”

हे खोटं होतं. कुणाचाही फोन चालतो. ज्याच्या सोवळ्याला हात लागलेला नाही असा कुठलाही फोन, आत्याचा चेहरा, दोन मिनिटं. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण ज्याने घरभर अपडेटवर भाषणं दिली, त्या माणसाच्या आत्याची हयाती दूधवाल्याच्या तडकलेल्या काचेवर सिद्ध व्हावी, हे मला गिळवेना. आत्याने मान हलवली. तिने विश्वास ठेवला, कारण घरात यातलं कळणारा मीच होतो.

महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा मी शेवटचा निर्णय घेतला. रूट काढायचं, हौशी प्रणाली काढायची, कंपनीची मूळ प्रणाली परत घालायची आणि बूटलोडरला पुन्हा कुलूप लावायचं. फोनची आंघोळ, थोडक्यात. यात आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आत्याचे फोटो आधी काढून ठेवले. क्रम सोपा आहे. आधी मूळ प्रणाली घालायची, ती नीट चालते का बघायचं, आणि सगळ्यात शेवटी कुलूप. हा क्रम उलटा झाला तर मात्र फोन मेला. कारण कुलूप लागलेला रखवालदार आत परकी प्रणाली बघतो आणि दार उघडतच नाही.

जगातले बाकी लोक अशा वेळी सूचना समोर उघडून ठेवतात, एकेक ओळ वाचतात आणि करतात. पण मी वैदिकाच्या घरातला. आमच्याकडे कागद बघून म्हणणाऱ्याला कोणी विचारत नाही. बाबा म्हणतात, “जे बघून म्हणावं लागतं ते तुझं नव्हे.” मला बाराव्या वर्षी त्यांनी वेदाच्या पाठातून काढलं, कारण माझ्या लक्षात राहत नसे. तेव्हापासून मी जे शिकलो ते पाठ करत आलो, बहुधा त्यांना दाखवायला. फोनच्या सगळ्या आज्ञा मला तोंडपाठ आहेत. अंगणातून येता-जाता मी त्या पुटपुटताना बाबांनी एकदा ऐकलं आणि विचारलं, “ही कुठली शाखा?”

रविवारची सकाळ होती. खाली विद्यार्थी जटापाठ म्हणत होते. त्यात दोन पदं सुलटी म्हणायची, मग उलटी, मग पुन्हा सुलटी. पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पहिलं-दुसरं. तास-तासभर तो आवाज जिन्यातून वर येत असतो, आणि आम्हाला तो ऐकू येतो असंही म्हणता येणार नाही, इतका तो रोजचा. मी संगणकाला फोन जोडला, कागद न घेता बसलो आणि पाठ आज्ञा ठोकत सुटलो. दुसरी, कुलपाची, आधी दिली आणि पहिली, मूळ प्रणालीची, राहिली. कुलूप लागलं. सगळं पुसलं गेलं. पडद्यावर आलं की आतली प्रणाली भ्रष्ट आहे, फोन सुरू होणार नाही.

वेदात उलट म्हटलेलं पुन्हा सुलट करता येतं. इथे कुलूप परत उघडायचं तर त्याची परवानगी फोनच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते, आणि आत जायला आधी फोन सुरू व्हावा लागतो. मी तासभर बटणं दाबत बसलो. मग वर जाऊन आत्याला सांगितलं, “फोन गेला.”

“कुठे गेला?”

“मेला.”

“आता मग?”

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. दूधवाला रोज सकाळी येत होता, त्याचा फोन जिवंत होता, आणि ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण ते बोलायचं म्हणजे आधी ‘तुझ्याशी खोटं बोललो’ हे बोलावं लागणार. मी मूग गिळून बसलो. तीन आठवडे मी सरकारच्या ॲपशी खोटं बोलत होतो, त्या मानाने आत्याशी फार सोपं गेलं.

“बँकेत समोर जाऊन उभं राहिलं तर होतं ना?” तिने विचारलं.

“होतं.”

“उभं राहता येत नाही, बसता येतं,” ती म्हणाली. “न्या मला.” आणि गच्चीच्या कठड्याकडे बघत बसली. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही, पण त्या दिवशी माकडं आली तरी तिने त्यांना दम दिला नाही.

खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांधायला बांबू हवे होते. आमच्याकडे बांबू कुठे मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानदाराने दोन लांब बांबू काढले आणि सवयीने विचारलं, “कै बजे उठी?” म्हणजे तिरडी किती वाजता उठणार. मी म्हणालो, अहो, बँकेत जायचंय. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की दुःखात माणूस काहीही बोलतो. वर थोडी सुतळी फुकट दिली.

सोमवारी सकाळी तेच चार मल्लाह आले. आत्याने केस विंचरले होते, इस्त्रीचं पातळ नेसली होती. जिन्यातून तिला दोघांनी हातांवर उतरवलं, खाली खुर्चीत बसवलं, बांधलं. बाबा शिकवता शिकवता दारात आले. खुर्ची खांद्यावर चढली आणि आम्ही निघालो. मी पुढे, हातात तिच्या कागदांची पिशवी, रस्ता मोकळा करतोय अशा थाटात.

गल्लीने तिचं काम चोख केलं. माणसं भिंतीला चिकटली. हात जोडले गेले. बसलेला मुडदा त्यांनी याआधी पाहिला नसावा, म्हणून जरा गोंधळली, पण हात खाली आले नाहीत. मी मागे वळून पाहिलं. आत्याने मान ताठ ठेवली होती, चष्मा घातला होता आणि कुणाकडेही बघत नव्हती. या वेळी तिने कुणाला ‘अभी टाइम है’ म्हटलं नाही. मला तिथेच गल्लीत बसून रडावंसं वाटलं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालत राहिलो.

बँकेतल्या बाईंनी दारातून आत येणारी खुर्ची पाहिली आणि त्या टेबलामागून उठून बाहेर आल्या. “अरे, माताजी को क्यों उठा लाए?” त्यांनी स्वतःच्या पर्समधून स्वतःचा फोन काढला. साधाच फोन, मागे फुलांचं कव्हर. आत्यासमोर धरला. “पलकें झपकाइए, माताजी.” आत्याने डोळे मिचकावले. “हो गया,” बाई म्हणाल्या. दोन मिनिटंही लागली नाहीत.

आत्याने चष्मा नीट केला. “ये किसका फोन है, बेटी?”

“मेरा है, माताजी. किसी का भी चलता है. घर में कोई भी कर देता.”

आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मुलीने चोरून उत्तर लिहिलं की ती वर्गात ओरडत नसे, असं तिच्या जुन्या विद्यार्थिनी सांगतात. पेन खाली ठेवायची आणि वाट बघायची. आताही ती वाट बघत राहिली.

“मला ठाऊक होतं,” मी म्हणालो.

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

बँकेच्या बाई आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. मल्लाहांनी बांबूंना हात घातला, तेव्हा आत्याने मागच्या उजव्या बाजूच्या माणसाला थांबवलं. “तुम जाओ, चाय पियो,” ती त्याला म्हणाली. आणि मला म्हणाली, “ही बाजू तू धर.”

मी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि खांदा लावला. माझी उंची बाकीच्या तिघांपेक्षा कमी, त्यामुळे बांबू नीट बसेना. आत्या माझ्या बाजूला कलली, तिचं वजन माझ्याकडे आलं. ती किती हलकी झाली आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तरी कोपऱ्यापर्यंत येईतो खांदा सोलवटून निघाला. लोक पुन्हा भिंतीला चिकटले, हात जोडले. या वेळी ते मलाही जोडलेले होते, खांदा देणारा म्हणून.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सात पायऱ्या आहेत. मी जन्मापासून त्या चढतोय, अंधारात, झोपेत, कशाही. मी मान वर करून पाय टाकला, तसा बांबू हिसकला.

“खाली बघ,” वरून आत्याचा आवाज आला. “पाठ आहे म्हणून चालू नकोस. बघून टाक पाय.”

मी खाली बघितलं आणि एकेक पायरी बघत चढलो.